दुसरी काठी

मामांची तारीख परत पुढं गेली. जजसाहेब रजेवर, पुढची तारीख दीड महिन्यानं, आणि मामा कोर्टाच्या पायरीवर बसून पिशवीतली भाकरी सोडत मला विचारायला लागले, "चोर आला, चोराला मारलो, ह्यात माझं काय चुकलं सांग की गा." वर्षभरात हा प्रश्न त्यांनी कितीवेळा विचारलाय त्याला हिशोबच नाही आणि दरवेळी मी अर्धवट काहीतरी सांगून त्यांना चहाला नेतो. म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढूया. मामा काय हे वाचणार नाहीत, पण आमच्या पश्चिम भागात, खानापूरकडं, निपाणी-चिकोडीकडं ज्यांच्या विहिरीवरनं केबल कापून नेलेत ते तरी वाचतील.

मी वकील नव्हे हं, हे आधीच सांगतो. बेळगावात कोर्टासमोर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे, कन्नड नुडीत टाइप करतो आणि मराठी श्रीलिपीत, अफिडेव्हिट, वकालतनामा, बाँड, दिवसभर हेच. वीस वर्षं दुसऱ्यांच्या भानगडी टाइप करून करून थोडं कळायला लागतंय, आणि घरची केस झाल्यावर उरलेलं कळलं.

झालं असं. आमच्याकडं पंपाला थ्री फेज करंट बऱ्याचदा रात्रीचं येतंय, त्यामुळं उसाला पाणी पाजायला माणूस रात्री शेतात लागतंयच. मामा आणि त्यांचा पोरगा, म्हणजे माझा मामेभाऊ, खोपीत झोपलेले. पावणेतीनच्या सुमाराला मोटर अचानक बंद पडली. करंट गेलं असेल म्हणून मामा उठले तर खोपीतला बल्ब चालू. मग समजलं. बॅटरी आणि काठी घेऊन मामा विहिरीकडं गेले तर दोघंजण केबल कापून गुंडाळायला लागलेले, तांब्याला भाव आहे ना. एकजण बॅटरीचा उजेड बघून तिथनंच पळाला. दुसरा वाकलेला होता तो उठला आणि हातातला मोठा पाना मामांच्या डोक्यावर उगारला. मामांनी काठी हाणली ती त्याच्या मनगटावर बसली, पाना खाली, केबलचं वेटोळं पण खाली, आणि तो बांधाकडं पळत सुटला. तोडलेल्या उसाच्या बुडख्यात पाय अडकून तोंडावर पडला. तेवढ्यात मामेभाऊ पलीकडच्या सरीतनं आला, मामांच्या हातातली काठी ओढून घेतली आणि पडलेल्या माणसाच्या पायावर दोन हाणला. मामा सांगतात, तुरकाठी वाळल्यावर मोडली की जसा आवाज येतोय तसा आवाज आला.

एवढंच. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं असेल. त्यावर वर्ष झालं, अजून चार्ज फ्रेम व्हायचाय, म्हणजे कोर्टानं आरोप पण ठरवलेले नाहीत.

चोरावर चोरीची केस झाली ती वेगळी. आणि त्याच्या बायकोनं दिलेल्या तक्रारीवर मामा आणि मामेभावावर दुसरी केस झाली, गंभीर दुखापतीची. कौंटर केस म्हणतात तसं. पायात त्याच्या रॉड घातलाय, तो पण तारखेला कुबडी घेऊन येतो, आणि खरं सांगायचं तर एकदा तो आणि मामा एकाच टपरीवर चहा पीत होते, एकमेकांकडं न बघता.

मामांचं म्हणणं काय, "स्वतःला वाचवायचा अधिकार हाय नव्हं?" आहे. नक्की आहे. आणि आपल्याला वाटतंय त्यापेक्षा तो अधिकार मोठा आहे, हे मला पण आधी माहीत नव्हतं. जुन्या आयपीसीत ९६ ते १०६ ही कलमं होती, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात ती ३४ ते ४४ झालीत, मजकूर जवळजवळ तोच. कोर्टाच्या आवारातले जुने वकील अजून "हंड्रेड लागू होतंय काय बघूया" असंच म्हणतात, जुन्या १०० चा नवीन नंबर ३८ त्यांच्या तोंडात बसलेला नाही. ह्या कलमांत पहिलंच वाक्य असं की स्वसंरक्षणाचा हक्क वापरताना केलेली कुठलीच गोष्ट गुन्हा नव्हे. आणि हक्क फक्त स्वतःपुरता नाही, दुसऱ्याच्या जिवासाठी पण आहे, म्हणजे रस्त्यात कुणा अनोळखी बाईवर कोण कोयता उगारला तर तुम्ही मधी पडू शकता, आणि जिवासोबत मालमत्तेसाठी पण आहे, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही. आणि पहिला फटका खाऊन घ्यायची वाट बघावी लागत नाही. धोक्याची रास्त भीती वाटली की हक्क तिथनंच चालू. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं पंजाबच्या एका केसमध्ये ह्या सगळ्याचं सार एका ठिकाणी मांडलंय, त्यात स्पष्ट आहे की कायदा पाळणाऱ्या माणसानं अंगावर आलेल्याला बघून भित्र्यासारखं पळून जावं अशी कायद्याची अपेक्षा नाही.

जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो ते प्रसंग पण ३८ मध्ये लिहून ठेवलेत. आपण मरणार किंवा जबर जखमी होणार अशी रास्त भीती, बलात्काराचा हल्ला, अनैसर्गिक अत्याचार, पळवून न्यायचा हल्ला, पोलिसांकडं जाताच येणार नाही अशा रीतीनं कोंडून ठेवायचा हल्ला, आणि २०१३ मध्ये वाढवलेलं अॅसिडचं. पोरींना हे शाळेतच शिकवायला पाहिजे असं माझं मत आहे, आमच्या भागात कराटेचे क्लास चिक्कार निघालेत पण हे कोणी सांगत नाही.

मग मामांचं अडलं कुठं?

वकिलांच्या ऑफिसात गेलो होतो पहिल्यांदा तेव्हाचं सांगतो. वकील म्हणजे साठीतला माणूस, कमी बोलणारा. मामांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली तसं त्यांनी थांबवलं आणि म्हणाले, "मामा, सांगू नका, करून दाखवा." कोपऱ्यातली काळी छत्री मामांच्या हातात दिली. मला म्हणाले तू चोर. मी वाकून उभा राहिलो, हातात पाना म्हणून स्टेपलर. मामांनी छत्री माझ्या मनगटावर टेकवली. "हां, इथं पाना पडला. केबल कुठं पडली?" "तिथंच, पायापाशी." "बरं. आता चोरा, पळ." मी पळालो, म्हणजे ऑफिस ते केवढं, दारातनं बाहेर पॅसेजमध्ये आलो, वकील मागनं फरश्या मोजत आले. अकरा फरश्या. दोन फुटाची एक. महजरमध्ये (तुमच्या महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात तो) मोटरपासून बांधाजवळच्या रक्ताच्या डागापर्यंत बावीस फूट लिहिलेलं आहे, पाना आणि केबल मोटरजवळ मिळाली असं पण लिहिलेलं आहे. वकील पॅसेजमध्ये उभं राहून म्हणाले, "पहिल्या काठीला कोर्टात मी एकटा पुरेसा आहे. पहिली फरशी ते अकरावी फरशी ह्याच्यामधी काय झालं ते मला सांगा."

कुणालाच काही सांगता आलं नाही.

तर मुद्दा हा आहे. आपण सगळे हक्क हक्क करतो पण त्या हक्काला घड्याळ बांधलेलं आहे हे विसरतो. जिवाच्या बाबतीत कायदा म्हणतो, धोक्याची भीती जोपर्यंत चालू तोपर्यंत हक्क चालू. पाना उगारला तेव्हा भीती होती, नुसत्या चोरीची ती जबरी चोरी झाली, त्या क्षणाला मामांचा हक्क एवढा मोठा होता की काठी मनगटाऐवजी डोक्यात बसून तो मेला असता तरी वकील लढायला उभे राहिले असते. पाना पडला, माणूस पाठ करून पळाला, भीती संपली. मालमत्तेचं पण तसंच, चोरीच्या बाबतीत हक्क कधीपर्यंत, तर चोर माल घेऊन निसटेपर्यंत, किंवा पोलिसांची मदत येईपर्यंत, किंवा माल परत मिळेपर्यंत. केबल तर तिथंच पडली होती! म्हणजे माल परत मिळाला, हक्क संपला. आणि वर ३७ चं कलम आहे, वाचवायला जेवढं लागतंय त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडं जायला वेळ असेल तर हक्कच नाही. पडलेल्या माणसाच्या नडगीवर दोन काठ्या ह्यातल्या कशातच बसत नाहीत. हाड मोडलं की ती कायद्यानं गंभीर दुखापत, दात पडला तरी तेच.

मामेभाऊ म्हणतो, "मग काय त्याला जाऊ देऊ?" नाही ना, पकडायचा होता. डोळ्यादेखत अशी जबरी चोरी करणाऱ्याला साधा माणूस पण अटक करू शकतो, नवीन कायद्यात सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं असं आहे. खोपीत दोरी होती, बैलाचं दावं होतं. बांधून ठेवला असता आणि ११२ ला फोन केला असता तर आज आम्ही फक्त साक्षीदार म्हणून येत होतो कोर्टात, भत्ता घेऊन.

आता लोक म्हणतील, रात्री तीनला अंधारात माणूस फरश्या मोजतंय काय? बरोबर आहे, आणि कोर्ट पण हे जाणतंय. घाबरलेल्या माणसानं सोन्याच्या ताजव्यात तोलून मापून फटका मारावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही, हे निकालांमध्ये पन्नास-साठ वर्षांपासून येतंय. उत्तर प्रदेशातला एक जुना निकाल वकिलांनी मला टाइप करायला दिला होता, त्यात समोरच्यानं लाठी डोक्यात घातली म्हणून ह्यानं भाला मारला, हायकोर्ट म्हणालं लाठीला भाला म्हणजे जास्त झालं, सुप्रीम कोर्ट म्हणालं डोक्यात बसलेल्या लाठीनं पण माणूस मरतंय, जास्त झालेलं नाही, आणि सोडला त्याला. म्हणजे हत्याराला हत्यार असं मापून बघत नाहीत, त्या क्षणाला काय भीती होती ते बघतात. पण ह्या सगळ्या निकालांत फटका त्या क्षणातला असतोय. बावीस फुटानंतरचा नसतोय.

आणि हे जास्त झालं तरी सगळंच गेलं असं पण नाही. समजा हक्क होता, तो चांगल्या हेतूनंच वापरताना मर्यादा ओलांडली आणि माणूस मेला, बदला घ्यायचा म्हणून नव्हे, तर तो खून न धरता सदोष मनुष्यवध धरतात, शिक्षेत लई फरक पडतो. फक्त तो हक्क त्या वेळी जिवंत असला पाहिजे. मेलेला हक्क ओलांडता येत नाही असं वकील म्हणाले, आणि मग स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन त्यांनी दुसरा चहा मागवला.

सगळ्यात जास्त घात कशानं केला माहिताय? व्हॉट्सअॅपनं. ३ वाजून १२ मिनिटांनी मामेभावानं गावच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला, "केबलचोर घावलाय रे, पळाला होता, पडला, दोन दिलोय बघ, पाय गेला त्याचा, आता परत येत नाही हिकडं." अठरा सेकंद. ग्रुपवर दोनशे माणसं, सकाळपर्यंत अंगठे आणि फटाके किती आले मोजायला नको. तेच अंगठे देणाऱ्यांपैकी कोणीतरी तो मेसेज पुढं दिला, आणि तो आता केसमध्ये आहे. "पळाला होता, पडला, दोन दिलो" ह्या पाच शब्दांनी घड्याळ कोर्टाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण शेजाऱ्याला, डॉक्टरला, ग्रुपवर मारलेल्या फुशारकीला ते संरक्षण नाही. आमच्या भागात मारामारी झाली की सांगायची पद्धतच अशी, "असा हाणलो बघ". भ्यालो होतो असं कोण सांगतंय काय? कायद्याला नेमकी ती भीतीच ऐकायची असतीय, आणि आपण ती लपवून शौर्य सांगतो.

स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते, पण सरकारी वकिलाला जसं संशयापलीकडं सिद्ध करावं लागतं तेवढं नाही, असं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं दिसलं तरी पुरतं. सरकारी साक्षीदारांच्या तोंडूनच ते निघालं तरी चालतं. त्यासाठी मामांच्या अंगावरची जखम लागली असती. आणि जखम होती हो! पाना उगारला तेव्हा कानाच्या पाळीला घासून गेला होता, रक्त आलं होतं, मामींनी हळद दाबली आणि झालं. दवाखान्यात गेले नाहीत, एमएलसी (मारहाणीच्या जखमेची दवाखान्यातली पोलिसकेस म्हणून नोंद) झालं नाही. चोराचं एमएलसी आहे, एक्सरे आहे, सगळं आहे. मामांच्या बाजूनं हळद. त्या रात्री आधी ११२, मग सिव्हिलला जाऊन "पान्यानं मारलंय" असं डॉक्टरला सांगून रजिस्टरला नोंद, एवढं केलं असतं तर पहिली काठी कागदावर पक्की बसली असती. तक्रार मामांनी सकाळी दहा वाजता दिली, ती पण केबलची. पान्याचा उल्लेख एका ओळीत, कन्नडमध्ये, आणि मामांना कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही. तक्रार लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवायची आणि एफआयआरची कॉपी फुकट द्यायची असं कायद्यातच आहे. मामांनी वाचून दाखवायला सांगितलंच नाही, अंगठ्याच्या ठिकाणी सही केली आणि शेणाला उशीर होतोय म्हणून निघून आले.

दुकानात लोक मला काय काय विचारतात, त्यातलं दोन-चार इथंच सांगून टाकतो. घरात शिरलेल्या चोराचं काय? त्याला वेगळा नियम आहे. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत घरफोडी करून आत आलेल्याच्या बाबतीत हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो, तो घरात आहे तोपर्यंत, पण तिथं पण गरजेपेक्षा जास्त नको हे आहेच. चोर खोपीत शिरला असता आणि तिथं मार खाल्ला असता तर आमची केस वेगळी झाली असती असं वकील म्हणाले. पण अंधारात घाई पण करू नका, कायद्यातच एक गमतीचं उदाहरण दिलंय, एक माणूस रात्री स्वतःचा हक्क असलेल्या घरात शिरतो, दुसरा त्याला चोर समजून मारतो, तर मारणाऱ्याचा गुन्हा नाही, पण मार खाणाऱ्याला पण त्याला उलटा मारायचा तेवढाच हक्क! मला हे वाचून आमचे दाजीच आठवले, जत्रेत पिऊन रात्री परसातनं भिंत चढून आलेले आणि अक्कानं मुसळ घातलेलं. दोघंही कायद्यानं निर्दोष. दारुड्याच्या किंवा वेड्याच्या हल्ल्यात तो माणूस गुन्हेगार ठरत नसला तरी तुमचा बचावाचा हक्क पूर्ण असतो, ह्यात शंका नको.

बांधाच्या भांडणाचं मात्र अवघड आहे. दोन्ही भाऊबंद काठ्या-कोयते घेऊन ठरवूनच उतरले तर त्याला कोर्ट खुली मारामारी म्हणतं, तिथं सहसा कुणालाच हक्क मिळत नाही. आणि आधी तुम्हीच अंगावर जायचं, मग मार बसला की स्वसंरक्षण म्हणायचं, हे चालत नाही. पहाणीवर (तुमच्या महाराष्ट्रात सातबारा म्हणतात त्यावर) नाव असलं म्हणून दुसऱ्यानं वर्षानुवर्षं कसलेल्या जमिनीवरनं त्याला काठीनं हाकलता पण येत नाही, जो बसलाय त्याचा ताबा स्थिर झाला असेल तर मालकानं कोर्टात जायचं. हे आमच्याकडं अर्ध्या गावाला पटत नाही. सरकारी माणसाच्या बाबतीत अजून एक आहे, तो चांगल्या हेतूनं आपलं काम म्हणून करतोय, ते नियमात काटेकोर बसत नसलं तरी, जिवाची किंवा जबर जखमेची भीती नसेल तर त्याच्यावर हात टाकायचा हक्क नाही. मीटर काढायला आलेल्या लाइनमनला शिडीवरनं ओढणाऱ्यांनी हे वाचावं.

आणि करंट सोडलेली तार. हे मी जरा जोरात सांगतो. रानडुकरं रताळी उकरतात, भात लोळवतात, मान्य आहे, माझ्या पण घरी तेच, पण कुंपणाच्या तारेत करंट सोडून झोपणं हे स्वसंरक्षण नव्हे. १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टात बिहारची केस झाली, एका माणसानं आपला संडास दुसऱ्यांनी वापरू नये म्हणून तिथं उघडी तार लावून करंट सोडलं आणि एक बाई मेली. तो म्हणाला ती परवानगी न घेता आली होती. कोर्ट म्हणालं म्हणून काय झालं, आणि शिक्षा कायम केली. तेव्हा निष्काळजीपणानं मृत्यूला जास्तीत जास्त दोन वर्षं होती, आता न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत आहे. तारेला भीती वाटत नाही, तारेला समोर कोण आहे ते दिसत नाही, चोर आहे का शेजारची म्हातारी आहे का आपलाच पोरगा आहे.

जंगलाकडच्यांनी एक लक्षात ठेवा, जनावराला हा कायदा लागत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. अस्वल किंवा गवा अंगावर आला आणि स्वतःचा नाहीतर दुसऱ्याचा जीव वाचवायला तुम्ही त्याला मारलं तर गुन्हा नाही, पण तुम्ही स्वतः त्या वेळी शिकारीसारखं बेकायदा काही करत नसला पाहिजे, आणि मेलेलं जनावर सरकारचं, त्याचं नख पण घरात ठेवायचं नाही. ही सूट जिवासाठी आहे, पिकासाठी नाही. पिकासाठी फॉरेस्टवाल्यांची लेखी परवानगी लागते.

असो, परत मामांकडं येतो. वकिलांचं सरळ म्हणणं असं आहे की मामांची काठी आणि पोराची काठी वेगळी करायची. आता दोघांनी मिळून एकाच इराद्यानं मारलं असं धरून दोघांवर सगळं लावलंय. मामांनी कोर्टात सांगायचं, मी मनगटावर मारलो, जीव वाचवायला, पुढं काठी माझ्या हातात नव्हती. खरं पण तेच आहे. मामा सुटतील असं वकिलांना वाटतंय. पोराचं काय होईल ते हाडाच्या रिपोर्टवर आणि कुठलं कलम टिकतंय त्याच्यावर. वकिलांनी हे सांगितलं त्या दिवशी मामा काही बोलले नाहीत, हो म्हणाले, खाली मान घालून बाहेर आले.

आणि आज पायरीवर भाकरी खाऊन झाल्यावर फडक्याला हात पुसत म्हणाले, "तू अफिडेव्हिट टाइप करतोस नव्हं? एक कर. तिन्ही काठ्या मीच मारलो म्हणून लिही. त्याचं लग्न ठरवायचं हाय मार्गशीर्षात."

म्हटलं मामा, खोटं अफिडेव्हिट म्हणजे अजून एक केस. आणि व्हॉइस मेसेज आहे की केसमध्ये, त्यात तो स्वतः बोललाय, दोन दिलोय म्हणून.

मामांनी पिशवीला गाठ मारली, थोडा वेळ विचार केला.

"आवाज आमचा सारखाच हाय," म्हणाले. "फोन उचलला की तुझी मामी पण फसतीय."